ओव्हरहेड स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: नाटकमंडळ्यांची जुनी पत्रे आणि कापला जाणारा समास

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ओव्हरहेड स्कॅनरच्या, म्हणजे कागदाची प्रतिमा वरून घेणाऱ्या यंत्राच्या, भिंगाच्या आत बाष्प धरले. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी उत्तर दिले की दमट हवेमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, आणि तपासायला हवा असेल तर स्वतःच्या खर्चाने पुण्याला पाठवा. जे यंत्र गोव्यात विकता त्याला गोव्याचा पावसाळा सोसत नसेल तर तसे खोक्यावर छापा. एवढा राग काढून झाला. पण हे लिहिण्याचे खरे कारण बाष्प नाही, ऑटो-क्रॉप आहे.

यंत्र सगळ्यांना ठाऊक असलेलेच: १६ मेगापिक्सेल, ए-३ पर्यंतचा कागद, दुमडणारा दांडा, यूएसबीवर चालणारे, साडेतेरा हजारांच्या आसपास घेतलेले. जानेवारीपासून काम एकच, फोंडा तालुक्यातल्या एका घरी जपून ठेवलेला एका नाट्यसमीक्षकाचा पत्रव्यवहार. अंदाजे ३९० पोस्टकार्डे आणि २५० पत्रे. काळ साधारण १९०८ ते १९३२, म्हणजे संगीत रंगभूमीच्या भरभराटीचा. लिहिणारे नट, गायक, मंडळीचे व्यवस्थापक. निम्मा मजकूर मोडी लिपीत.

आता ऑटो-क्रॉप. कागदाची कड ओळखून बाहेरचा भाग छाटायचा, हे त्याचे काम. नव्या पांढऱ्या कागदावर ते चोख करतो. शंभर वर्षांचा कागद कडेने तपकिरी होतो, झिजतो, कसर लागून दातेरी होतो. मग सॉफ्टवेअरला खरी कड दिसत नाही आणि ते मजकुराचा चौकोन हीच कड समजते. छाटला जातो समास. जुन्या पत्रांत समास रिकामा नसतो. पोस्टकार्ड भरले की लिहिणारा कार्ड आडवे धरून कडेने ताजा कलम लिहितो, आणि मंडळीच्या पुढच्या मुक्कामाचा पत्ता हमखास त्या ओळीत असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट वरच्या कोपऱ्यात: पत्र मिळाल्यावर समीक्षकाने बारीक अक्षरात टाकलेली नोंद, ‘उ. दि.’ आणि तारीख. उत्तर दिले.

या दोन अक्षरांवर इतका जीव का टाकायचा, तेही सांगतो. समीक्षकाने पाठवलेली पत्रे समोरच्यांकडे गेली. फिरत्या नाटकमंडळ्यांच्या ट्रंकांत, बिऱ्हाडे बदलताना, कर्जात सामान जाताना त्यातली फारच थोडी राहिली. घरी उरतात ती आलेली पत्रे. पत्रव्यवहाराची दुसरी बाजू केवळ या कोपऱ्यातल्या तारखांत शिल्लक आहे. कोणाला दोन दिवसांत उत्तर गेले, कोणाला दोन महिने ताटकळत ठेवले, टीका छापून आल्यावर उत्तरे थांबली का, हे सगळे तिथून कळते. ती छाटली तर उरतो तो पत्रव्यवहार नव्हे, टपालाची थप्पी.

पहिल्या १८० प्रतिमांत ४१ ठिकाणी समास कापलेला निघाला. छाटलेला भाग सॉफ्टवेअर जपून ठेवत नाही, त्यामुळे सगळे पुन्हा स्कॅन करावे लागले. मार्चमध्ये कोणी मत विचारले असते तर यंत्र परत करा असेच सांगितले असते.

मग मत बदलले, कारण दोष यंत्रात नाही, सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. छाटणी ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर न्या, चौकोन एकदाच आखा आणि कागदाच्या चारही बाजूंनी किमान एक सेंटिमीटर खालची काळी चटई दिसेल इतका मोठा ठेवा. ‘तिरपेपणा सुधारणे’ बंद. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढून मग अक्षरे तिला लटकवतात, आणि ओळी पानाच्या शेवटी खाली झुकतात. सॉफ्टवेअर त्या रेघेला आडवी मानते आणि पान फिरवते. ‘पार्श्वभूमी स्वच्छ करणे’ तर आधी बंद करा, कारण ते पोस्टाचा फिकट शिक्का डाग समजून पुसते. कृष्णधवल मोडही नको. मोडी कलम न उचलता लिहितात, अक्षरांना जोडणाऱ्या रेषा केसासारख्या बारीक असतात, त्या गेल्या की शब्द तुटतो आणि जाणकारालाही लागत नाही. रंगीतच घ्या. वैताग एवढाच, की सॉफ्टवेअर अपडेट झाले की हे सगळे पुन्हा मूळ पदावर येते.

शिक्का गेला तर काय जाते, ते वर्ष ठरवताना कळते. पुष्कळ पत्रांवर नुसती मिती असते, साल नसते. अशा वेळी तिकीट आणि शिक्का कामाला येतात. ब्रिटिश हद्दीतले पोस्टकार्ड पाव आण्याचे असेल तर ते एप्रिल १९२२ च्या आधीचे धरायला हरकत नाही, कारण तेव्हा दर अर्धा आणा झाला. गोव्यातून गेलेल्या पाकिटावर पोर्तुगालचा राजा कार्लूश याच्या तिकिटावर ‘रिपब्लिका’ असा छाप असेल तर ते ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीनंतरचे. धान्यदेवता सेरेसचे तिकीट असेल तर १९१३-१४ किंवा त्यानंतरचे.

शके दिलेले असले तरी सरसकट ७८ मिळवू नका. शक चैत्रात बदलतो, म्हणून जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या पत्रांना ७९ लागतात. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, ते शके १८४० चे पौष. ७८ मिळवले तर १९१८ येते आणि गडकऱ्यांच्या निधनाचे दुःख कळवणारे पत्र वर्षभर आधीच्या फायलीत जाऊन बसते. बळवंत संगीत मंडळी १९१८ मध्येच निघाली, त्यामुळे एका वर्षाच्या चुकीने मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांची त्या काळातली मंडळीच बदलते. उलट, शके १८४३ च्या आषाढातल्या पत्रात ‘संयुक्त’ एवढा एकच शब्द असला तरी तो ८ जुलै १९२१ चा, दोन मंडळ्यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग असणार. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. केशवराव ४ ऑक्टोबरला गेले. मधल्या तीन महिन्यांतले प्रत्येक कार्ड दिवसाच्या हिशेबाने लावण्याजोगे आहे, आणि ते समास नसेल तर लावता येत नाही.

स्पष्टतेबद्दल खोक्यावर लिहिलेले अर्धे खरे. १६ मेगापिक्सेल म्हणजे लांबीला ४६०८ बिंदू. ते ए-३ च्या साडेसोळा इंचांवर पसरले की इंचाला २७९ पडतात. दांड्याची उंची ठरलेली असल्याने छोटा कागद ठेवला तरी २७९ च. पावणेपाच इंची पोस्टकार्डाला जेमतेम १३२५ बिंदू मिळतात. मोडीला ४०० लागतात, पेन्सिलीला ६००. म्हणून सगळी पोस्टकार्डे जुन्या सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० बिंदूंनी, घेतली. काचेवर एका वेळी चार बसतात, मध्ये बोटभर अंतर ठेवून.

मग हे यंत्र घ्यायचेच कशाला? घड्यांसाठी. चार घड्यांचे पत्र काचेवर दाबले की घडीवर फाटते, न दाबले तर स्वस्त सपाट स्कॅनरमध्ये घडीजवळचा मजकूर पुसट येतो, कारण त्यांच्या सेन्सरला काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वरचेही स्पष्ट दिसत नाही. वरून घेतलेल्या प्रतिमेत घडी उंच राहिली तरी अक्षर वाचता येते. फोटोंना मात्र वरची एलईडी नको. वेशातल्या नटांच्या जुन्या फोटोंवर चंदेरी झाक आलेली असते, ती चमकते. यंत्राचा दिवा बंद करून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर टेबललॅम्प लावा, दोन्ही एकाच प्रकारचे. पातळ कागदावर मागची शाई पुढे दिसत असेल तर खाली काळा कागद घाला, निम्मा त्रास जातो.

दांड्याचा सांधा चौथ्या महिन्यात सैल झाला. डोळ्यांना कळत नाही, म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला स्टीलची पट्टी ठेवून एक प्रतिमा घ्यायची. १० सेंटिमीटरला १०९८ बिंदू यायला हवेत. भिंग कागदापासून ३५ सेंटिमीटरवर आहे, तेव्हा १११० आले की दांडा सुमारे ४ मिलिमीटर खाली आला असे समजा. फोकस बिघडायला तेवढे पुरते. सांध्याचा स्क्रू आवळला की दोन आठवडे टिकतो.

आता बाष्प. पावसाळ्यात फोंड्याच्या बाजूला घरातली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि ६५ च्या वर कागदालाही बुरशी धरते. पुण्याला न पाठवता यंत्राचे भिंगाचे डोके झाकणाच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलबरोबर पाच दिवस ठेवले, बाष्प गेले. काम संपले की ते रोज डब्यात जाते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत दोन तास तापवून पुन्हा वापरा, नवे घ्यायची गरज नाही. तेच जेल पत्रांच्या पेटीत मात्र भरमसाट घालू नका. कागद फार सुकला की घडीवर तुटतो, ५० ते ५५ टक्के बरे. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली कार्डे ओल्या कपड्याच्या जवळही नेऊ नका, पाण्याचा थेंब लागला की अक्षर शाईसारखे पसरते. मऊ कोरडा ब्रश, मधून बाहेरच्या दिशेने, बस.

मराठी ओसीआरसाठी, म्हणजे प्रतिमेतली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, पैसे मोजू नका. मंडळीच्या लेटरहेडवरचे छापील नाव ते वाचते, हाताचे देवनागरी भरवशाने नाही, मोडी तर सोडाच. साठवण जड नाही: पत्रांच्या ७५० टिफ (न दाबलेल्या) फायली प्रत्येकी ४८ एमबी, म्हणजे ३६ जीबी, आणि पोस्टकार्डे धरून ५० च्या आसपास. यंत्र मुळात जेपेग, म्हणजे दाबून बारीक तपशील गमावलेली प्रतिमा, साठवते, तेही बदला.

साडेतेरा हजारांत हे यंत्र घडीच्या पत्रांसाठी घ्यावे, पोस्टकार्डांसाठी नाही. आणि कागद पेटीत परत ठेवण्याआधी, पत्र समोर असतानाच, प्रतिमेचे चार कोपरे मोठे करून बघा. चारही कोपऱ्यांत काळी चटई दिसली पाहिजे, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचता आली पाहिजे.