भाच्यांना रक्त द्यावंच लागलं नाही

आईचा उजवा गुडघा बदलला, कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात. मावशीच्या वेळी दोन पिशव्या रक्तासाठी ब्लड बँकेच्या दारात ताटकळलो होतो, म्हणून यंदा मी दोन भाचे आधीच तयार ठेवलेले. डॉक्टर म्हणाले, "त्यांना राहू दे. आधी आईंचं हिमोग्लोबिन बघू." निघालं १०.४, म्हणजे कमी. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं, सलाइनमधून लोह दिलं आणि १२.१ झाल्यावरच तारीख दिली. तेव्हा मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू.

चीर घेण्याआधी शिरेतून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं. नाव ऐकून मी चमकलेच. पाळीत फार अंगावर जायचं तेव्हा मला याच्याच गोळ्या दिल्या होत्या! धरलेली गुठळी ते लवकर विरघळू देत नाही, म्हणून झिरपणं कमी. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याचं हे संशोधन. ज्यांना पूर्वी पायात गुठळी झालीय त्यांनी मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं, असं भूलतज्ज्ञ बाईंनी दोनदा बजावलं.

मावशीच्या पलंगाला ड्रेनची, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीची, लालभडक बाटली लटकायची. आईला नळीच नव्हती, पट्टीवर रुपयाएवढा डाग. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.६. रक्त चढवलं नाही. संध्याकाळी वॉकर धरून ती दारापर्यंत गेली आणि चहा पांचट आहे म्हणून नर्सला सुनावून आली.

हॉस्पिटलच्या रेटिंगमधला एक तारा कापतेय बिलासाठी. न बसवलेल्या ड्रेनचे पैसे लावले होते. तासभर काउंटरवर उभं राहून काढायला लावले.