कार्टूनमधला घसरणारा सूर आणि नौपाड्यातील वाद्यांचे दुकान

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ बघता बघता एकदा विचारले, “मावशी, हा घसरगुंडीसारखा आवाज कशातून येतो गं?” १९९९ साली सुरू झालेल्या या मालिकेच्या पार्श्वसंगीतात हवाईयन स्टील गिटार, म्हणजे तारांवरून पोलादी बार सरकवून वाजवायची गिटार, सढळपणे वापरलेली आहे. जुन्या ‘लूनी ट्यून्स’च्या आरंभी जो सूर झपकन सरकत जातो, तोही स्टील गिटारचाच असून तो फ्रेडी टावारेस या हवाईच्या वादकाने वाजवलेला आहे, पुढे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या १९५४ च्या गिटारच्या घडणीतही त्यांचा हात होता. एवढे सांगून भाच्याचे समाधान होणार नव्हते, कारण त्याला तो आवाज स्वतःच्या हाताने काढायचा होता. म्हणून माळ्यावर पडून असलेली साधी सहा तारांची गिटार घेऊन आम्ही ठाण्यात नौपाड्यातील, गोखले रोडलगतच्या एका गल्लीतल्या वाद्यांच्या छोट्या दुकानात गेलो.

नवी हवाईयन गिटार घ्या, असे तेथील काकांनी एकदाही सुचवले नाही, ही गोष्ट मला सर्वांत आधी नोंदवावीशी वाटते. खुंट्यांच्या खाली तारा ज्या पट्टीवरून जातात, त्या नटवर त्यांनी धातूची एक उंच टोपी बसवली, त्यामुळे तारा पडद्यांपासून, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, जवळजवळ एक सेंटिमीटर वर उचलल्या गेल्या. आता त्या बोटांनी दाबायच्या नाहीत, तर गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी बार फिरवायचा. त्यानंतर पहिली, पाचवी आणि सहावी अशा तीन तारा त्यांनी एकेक पूर्ण स्वर उतरवल्या आणि सहाव्या तारेपासून प सा प सा ग प अशी जुळणी करून दिली. तारा केवळ उतरवल्यामुळे जुन्या गिटारवर जादा ताण येत नाही, हेही त्यांनी आपणहून समजावले.

खरा आनंद पुढे होता. काकांनी बार तारांवरून सरसर खाली ओढला, तेव्हा कार्टूनमधले पात्र कड्यावरून घसरल्याचा भास झाला, आणि लगेच त्याच बारने त्यांनी भूप रागातील गंधारावरून पंचमावर जाणारी मींड घेतली, म्हणजे मध्ये न तुटता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत गेले. दोन स्वरांमधली सगळी जागा या वाद्यात ऐकू येते, म्हणून ते पडणे, लोळणे, दचकणे इतके हुबेहूब दाखवू शकते. आणि याच गुणामुळे पंडित ब्रिजभूषण काबरा यांच्यासारख्या वादकांना त्यावर राग वाजवता आले. भाचा तोंड उघडे ठेवून ऐकत होता, आणि मलाही त्या दोन आवाजांचे नाते तोपर्यंत कधी जाणवले नव्हते.

उणीव एकच, पण ती सांगायला हवी. पहिल्या दिवशी दिलेला बार मोठ्या माणसाच्या हाताचा होता, तो मुलाच्या बोटांतून सारखा निसटे. शिवाय बारच्या मागची बोटे तारांवर हलकेच टेकवली नाहीत तर तारा खडखडतात, हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे आठवडाभर घरात नुसती झणझण चालली होती. परत गेल्यावर मात्र त्यांनी विनातक्रार लहान, हलका बार बदलून दिला आणि बार दोन पडद्यांच्या मध्ये न ठेवता बरोबर पडद्याच्या वर धरायचा, हे भाच्याचा हात धरून तीनदा दाखवले. हे पहिल्याच भेटीत झाले असते, तर आमची एक खेप वाचली असती.

नटची टोपी, बार, अंगठ्याची नखी, नव्या तारा आणि मजुरी मिळून १,४५० रुपये लागले, जे मला रास्त वाटले. टोपी काढली की गिटार पुन्हा नेहमीसारखी वाजवता येते. संध्याकाळी दुकानात गर्दी असते आणि काकांना बोलायला वेळ मिळत नाही. मुलाला घेऊन जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमारास जावे आणि बार त्याच्या हातात देऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.