दाबलं, पू आला, पैसे गेले: लासरूच्या नावाखाली चालणारी फसवणूक

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, हाडाच्या कडेवर बोट ठेवून जरा आत दाबलं की पापणीच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून पांढरट-पिवळा चिकट पू वर येतो. लासरू म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रुपिशवीत पू साठणं. ते झालेल्या डोळ्यात हे कुणीही करून दाखवू शकतं. डॉक्टरसाठी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी असते: पू आला, म्हणजे अश्रुपिशवीखालची, अश्रू नाकात नेणारी नळी तुंबली आहे. आठवडी बाजारात पाल ठोकून बसलेला जडीबुटीवाला मात्र तीच तपासणी उपचार म्हणून विकतो. आधी पापणीला कसल्यातरी पाल्याचा रस चोळायचा, मग दाबायचं, आणि कापसावरचा पू रुग्णासकट जमलेल्या सगळ्यांना फिरवून दाखवायचा. ‘बघा मावशी, केवढी घाण साठली होती!’

घाण खरीच असते, म्हणून तर विश्वास बसतो. पिशवी रिकामी झाल्यामुळे दोन-तीन दिवस डोळा हलका वाटतो, सकाळी चिपडं कमी येतात. मग पिशवी पुन्हा भरते आणि मावशी पुढच्या बाजारी त्याच पालात हजर. कधीकधी पुवाबरोबर पांढरा किडाही ‘निघतो’. तो आधीपासून त्या कापसात किंवा बोटांच्या पेरात असतो. नळी तुंबण्याशी किड्याचा काही संबंध नाही.

यात नुसते पैसे गेले तर थोडक्यात निभावलं म्हणायचं. पिशवी लाल, गरम, ठणकणारी झाली असेल तेव्हा ती जोरात पिळली तर पू शेजारच्या मऊ भागात, वेळप्रसंगी डोळ्याच्या खोबणीत पसरतो. डोळा पुढे येणं, हलवताना दुखणं, नजर मंद होणं, ताप, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. अशा ठणकत्या अवस्थेत डॉक्टरही सिरिंजिंग, म्हणजे सुईने पाणी सोडून मार्ग तपासणं, करत नाहीत. आधी अँटिबायोटिक, गरज पडली तर पू बाहेर काढणं, आणि कायमची शस्त्रक्रिया सूज ओसरल्यावर.

दुसरी फसवणूक जरा सभ्य आहे, ती दवाखान्यात होते. ‘पिशवी धुऊन घेऊ, दहा वेळा लागेल’ असं सांगून दर आठवड्याला सिरिंजिंग. सिरिंजिंग म्हणजे डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून, खालच्या पापणीचं छिद्र जरासं रुंद करून, बोथट टोकाच्या बारीक सुईने सलाईन आत सोडणं. सुई आधी दोनेक मिलिमीटर सरळ खाली जाते, मग पापणी कानाच्या बाजूला ताणून धरून आडवी वळते. पाणी घशात उतरलं, खारट चव आली, म्हणजे मार्ग मोकळा. वरच्या छिद्रातून पुवासकट परत आलं तर पिशवीखालची नळी बंद. ज्या छिद्रातून सोडलं त्यातूनच स्वच्छ परत आलं तर अडथळा त्याच छिद्रामागच्या कालव्यात, म्हणजे छिद्रापासून पिशवीकडे जाणाऱ्या बारीक वाटेत. एवढं कळलं की सिरिंजिंगचं काम झालं. मोठ्या माणसाची पूर्ण बंद झालेली नळी पाण्याच्या जोराने उघडत नाही. उलट दर आठवड्याला सुई खुपसली तर तो आठ-दहा मिलिमीटरचा नाजूक कालवा सोलवटतो आणि चिकटून बंद होतो. मग साध्या शस्त्रक्रियेने भागत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात काचेची नळी बसवून ती कायम सांभाळत बसावं लागतं. सिरिंजिंग चालू असताना पापणी फुगू लागली तर सुई भलत्याच ठिकाणी घुसली आहे. हात धरून तिथेच थांबवा.

आता सगळ्यात महागात पडणारा प्रकार. तो ओळखायला डीसीआर आणि डीसीटी या दोन शस्त्रक्रियांतला फरक ठाऊक हवा. डीसीआरमध्ये पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड साधारण दीड सेंटिमीटर उघडून अश्रूंना नाकात जायचा नवा रस्ता करतात. बाहेरून करायची ही शस्त्रक्रिया इटलीच्या तोती यांनी 1904 मध्ये मांडली आणि चांगल्या हातांत आजही दहापैकी नऊ जणांना गुण येतो. डीसीटीमध्ये पिशवीच काढून टाकतात. पू थांबतो, पण रस्ता कुठलाच राहत नाही, त्यामुळे डोळ्यातलं पाणी जन्मभर गालावर. अगदी वयस्कर किंवा आजारी माणूस, फार कोरडे डोळे, मोतीबिंदूआधी पू तातडीने बंद करण्याची गरज, अशा वेळी डीसीटी योग्यच असते. हाड कापायचं नसल्याने ती लवकर उरकते, रक्तही कमी जातं. आणि नेमकं म्हणूनच काही ठिकाणी पैसे डीसीआरचे घेऊन डीसीटी उरकली जाते.

बाहेरून ओळखू येत नाही, हीच मेख आहे. दोन्हींचा छेद नाकाच्या बाजूला, तेवढाच सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरचा. टाके तसेच, व्रणही तसाच. पूही दोन्हींत थांबतो, त्यामुळे पहिला महिना रुग्ण खूश असतो. पाणी वाहत राहिलं की ‘थंडी आहे, वाऱ्याने होतं’ हे उत्तर ठरलेलं. काही खुणा मात्र रुग्णाच्या लक्षात येऊ शकतात. डीसीआरच्या वेळी बहुधा नाकात औषधात भिजवलेली लांब पट्टी भरतात, आणि नंतर एक-दोन दिवस नाकातून थोडं रक्तमिश्रित पाणी येतं. नाकाला कुणी हातच लावला नव्हता, तर विचारायला हवं. जखम भरल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी, नाक शिंकरताना डोळ्याच्या कोपऱ्यात हवेची फुंकर जाणवली तर रस्ता उघडा आहे असं समजा. लगेच करून बघू नका, सुरुवातीला नाक शिंकरायला मनाईच असते. पक्का पुरावा एकच: दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे सिरिंजिंग. पाणी घशात उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर केलेला रस्ताही बुजलेला असू शकतो, तेवढ्यावरून आरोप करू नका. ऑपरेशनची नोंद आणि नाकाची दुर्बीण यांवरून ते ठरतं.

‘बिनटाक्याची लेझर’ ही जाहिरातही नीट वाचा. नाकातून दुर्बिणीने केलेली डीसीआर खरोखर बिनटाक्याची असते आणि उत्तम चालते. पण पापणीच्या छिद्रातून लेझर घालून पाडलेलं भोक लहान असतं आणि ते बुजण्याची शक्यता जास्त. ‘भोक केवढं करणार, नाकातून की पापणीतून’ हे आधी विचारावं. टोलवाटोलवी झाली तर तिथून उठावं.

बिलात सिलिकॉन ट्यूब लावली असेल तर आरशासमोर उभं राहून खालची पापणी जरा ओढा. नाकाकडच्या टोकाला वरच्या आणि खालच्या छिद्रांना जोडणारा, मासेमारीच्या दोऱ्यासारखा पारदर्शक फास दिसतो. तो काही आठवडे ते तीन महिने तिथेच असायला हवा. पहिल्याच दिवसापासून दिसत नसेल तर फाइलमधलं ट्यूबचं लेबल मागा, लॉट नंबरासकट. प्रत्येक डीसीआरला ट्यूब लागतेच असं नाही. पण लावली नाही तर पैसेही नकोत.

तान्ह्या बाळांचं थोडक्यात. जन्मतः बंद असलेली नळी बहुतेक बाळांत वर्षभरात आपोआप उघडते. स्वच्छ हातांनी, नखं कापून, कोपऱ्यावर करंगळी ठेवून नाकाच्या दिशेने खाली पाच-दहा वेळा दाब द्यायचा, दिवसातून तीन-चार वेळा. हे आई घरीच करते, याला पॅकेज लागत नाही. तिसऱ्या महिन्यात ‘आत्ताच सळी घालू’ म्हणणाऱ्याला थांबवा. मात्र उजेड सहन न होणं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, कोपऱ्यात जन्मतःच निळसर फुगवटा असणं, यात वाट पाहायची नाही.

लेबल खरवडलेल्या ‘पाणी थांबवणाऱ्या’ थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली जाते, डोळ्याचा दाब वाढतो, आणि महिनोन्‌महिने टाकलं तर काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आणि पिशवीची गाठ पापणीला कोपऱ्यात हाडाशी बांधणाऱ्या दोरीच्या वर चढलेली असेल किंवा अश्रूंत रक्त येत असेल, तर धुणं-दाबणं सोडून आधी स्कॅन. तिथे ट्यूमर असू शकतो.

संमतीपत्रावर सही करताना शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव आणि बाजू, उजवी की डावी, स्वतः वाचा. कोऱ्या जागेवर सही नको. संशय आला तर लेखी अर्ज करून कागदपत्रं मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती 72 तासांत द्यावी लागतात. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. ग्राहक आयोगात जायचं तर मुदत दोन वर्षं आहे, सुरुवातीला 1915 या हेल्पलाइनवर विचारता येतं. बाजारातल्या पालवाल्याची पावती नसते, पण पालासमोर काढलेला मोबाइलचा फोटो पोलीस ठाण्यात कामी येतो.