म्युनिकची खोली आणि स्पेनमधलं खातं

म्युनिकच्या श्वाबिंग भागात, विद्यापीठापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, पलंग-टेबल-वॉशिंग मशीनसकट स्वतंत्र छोटा फ्लॅट. भाडं महिना 420 युरो. ही जाहिरात मी नाशिकला घरी बसून वाचली तेव्हा माझा व्हिसा लागला होता, तिकीट काढून झालं होतं आणि वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नंबर कधी लागेल हे कुणी सांगत नव्हतं. घरात रोज एकच प्रश्न: राहायची सोय झाली का?

आता म्युनिकमध्ये राहतोय म्हणून सांगतो, त्या भागात चौघांच्या घरातली एक साधी खोलीसुद्धा सातशे-आठशे युरोच्या खाली मिळणं कठीण. पण तिथे न गेलेल्या माणसाला हे कळणार कसं? मी 420 ला नव्वदने गुणलं, चाळीस हजारांच्या आत बसतंय म्हणून खूश झालो.

मालकीणबाईंचं उत्तर तासाभरात आलं. भाषा अगदी सभ्य. फ्लॅट मुलीच्या शिक्षणासाठी घेतला होता, मुलगी आता स्पेनमध्ये नोकरीला आहे, आम्हीही तिकडेच असतो, घर मोकळं पडलंय, भाड्यापेक्षा घर सांभाळणारा माणूस महत्त्वाचा. मग त्यांनीच माझी चौकशी सुरू केली. सिगारेट ओढतोस का, किती वर्षं राहणार, प्रवेशाचं पत्र पाठव, पासपोर्ट पाठव, ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम मिळते) पुरावा पाठव. त्यांनी स्वतःच्या पासपोर्टची प्रतही पाठवली. समोरचा आपल्यालाच पारखून घेतोय म्हटल्यावर आपण त्याला पारखावं हे डोक्यातच येत नाही. या सगळ्या बनावात मला सर्वांत हुशारीची वाटलेली गोष्ट ही.

पैशांचं बोलणं त्यानंतर निघालं. किल्ली द्यायला येणं जमणार नाही, म्हणून व्यवहार एका नावाजलेल्या हॉलिडे-बुकिंग कंपनीमार्फत करू, असं त्या म्हणाल्या. लिंक आली. पान हुबेहूब त्या कंपनीसारखं, फक्त पत्त्याच्या पट्टीत नावाला दोन जास्तीचे शब्द चिकटलेले. त्यावर लिहिलं होतं की पैसे कंपनीकडे राहतील आणि तुम्ही घर पाहून होकार दिल्यावरच मालकाला मिळतील. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून 1260 युरो. रुपयांत लाखाच्या वर.

बँकेत फॉर्म भरताना काउंटरवरच्या ताईंनी सरळ विचारलं, "जर्मनीला चाललाय ना, मग खातं स्पेनचं कसं? आणि कंपनीला पैसे देताय तर नाव माणसाचं का?" युरोपातल्या खात्याच्या आयबॅन नंबरची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मनीचं खातं ‘डीई’ने सुरू होतं, हे ‘ईएस’ने होत होतं. मालकीणबाईंना मेल केला, उत्तर तयारच होतं: ते कंपनीच्या स्पेनमधल्या एजंटचं खातं आहे. पैसे गेले. (‘डीई’ असलं म्हणजे व्यवहार खरा, असंही नाही. पण घर एका देशात आणि खातं दुसऱ्या देशात असेल तर तिथेच थांबा.)

दोन दिवसांनी ‘परत मिळणाऱ्या विम्याचे’ म्हणून आणखी 650 युरो मागितले, तेव्हा बाबांनी हात आखडता घेतला. म्युनिकमधल्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी पत्ता टाकला. मूळचे सोलापूरचे एक दादा कामावरून परतताना तिकडे वाकडी वाट करून गेले. त्यांचा फोन आला तो हसतच. "अरे, करारात ‘फ्लॅट नंबर 304’ लिहिलंय. इथे बहुतेक इमारतींना असे फ्लॅट नंबर नसतातच. दारावरच्या बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं, पोस्टमन तेच बघतो. या बाईंचं आडनाव एकाही बेलवर नाही." इमारत खरी, फोटोही कुठल्यातरी खऱ्या घराचे, फक्त त्यांचा एकमेकांशी आणि त्या बाईंशी संबंध नव्हता.

करारात दुसऱ्याही खुणा होत्या, पण त्या ओळखायला तिथली पद्धत माहीत हवी. जर्मनीत भाडं दोन प्रकारे सांगतात: नुसतं घराचं ते ‘काल्ट’, हीटिंग आणि इतर खर्च धरून ते ‘वार्म’. खरा मालक हे वेगवेगळं लिहितो. माझ्या करारात एकच आकडा होता. कायद्याने डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. म्हणजे घर पाहण्याआधी, भारतात असताना सगळी रक्कम एकदम भरायची घाई मालकाला असण्याचं काही कारणच नाही.

आणखी एक. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. मी विचारलं तेव्हा बाई "हो हो, सगळे कागद देऊ" म्हणाल्या होत्या. नुसतं विचारून भागत नाही, "माझा ओळखीचा माणूस उद्या घर बघायला येईल, चालेल का?" असं म्हणून बघा. खोट्या मालकाची सबब इथे हमखास निघते. तिथे ओळखीचं कुणी नसेल तर विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विनंती टाका, कुणीतरी जातं. तेही जमलं नाही तर पहिले काही आठवडे प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलमध्ये काढा. महाग पडतं, मला माहीत आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो पडून असले तरी तिथलं बँक खातं उघडून महिन्याचे 992 सुरू होईपर्यंत हातात वरखर्चाचेच पैसे असतात, आणि माझे नेमके त्यातलेच गेले होते. पहिला महिना दादांच्या हॉलमध्ये काढला.

पैसे पाठवले असतील आणि शंका आली असेल तर सकाळची वाट बघू नका. बँकेला लेखी कळवून रक्कम परत बोलावण्याची विनंती करा आणि भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार नोंदवा. माझ्या बाबतीत समोरच्या बँकेचं उत्तर आलं तेव्हा खातं रिकामं झालेलं होतं. एक रुपया परत आला नाही.

पैशांपेक्षा जास्त टोचतो तो पासपोर्ट. बाईंनी पाठवलेला पासपोर्ट बहुधा माझ्याआधी फसलेल्या कुणाचातरी असणार, आणि आता माझा दुसऱ्या कुणालातरी ‘मालकाचा पुरावा’ म्हणून जात असेल. हल्ली मी कुठलीही प्रत देताना तिच्यावर आडवं लिहितो: कुणाला दिली, कशासाठी, कोणत्या तारखेला. आणि म्युनिकला पोहोचल्यावर इथल्या पोलिसांतही तक्रार दिली. पैसे मिळतील म्हणून नव्हे. उद्या माझ्या नावाने कुणाला गंडवलं गेलं, तर माझ्या हातात तारखेचा कागद असावा म्हणून.