लेबलावर बारा औंस, वाण्याच्या काट्यावर आठ

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने टाइप करतेय. चुका सांभाळून घ्या.

बॉक्सिंगचा क्लास लावून दीड महिना झाला होता. सर म्हणाले, "बॅगवर मारायला स्वतःचे बारा औंसाचे ग्लोव्हज घे." दुकानात चार हजार सांगितले. इन्स्टाग्रामवर एका पेजवर तेच 'अस्सल लेदर, तीन थरांचा फोम' १,४९९ ला, वर हँडरॅप (ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची कापडी पट्टी) फुकट. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं, पण यूपीआय करून मोकळी झाले.

पार्सल आलं. ग्लोव्हज लालभडक, वास मात्र रिक्षाच्या नव्या सीटकव्हरचा. फुकटचा रॅप मनगटाला तीन वेढे देऊन बोटांवर येईपर्यंत संपला. मोठ्यांना साडेचार मीटरचा लागतो, हा जेमतेम अडीच.

नवव्या दिवशी बॅगवर हुक (बाजूने वळवून मारायचा ठोसा) मारला आणि करंगळीच्या मुळाशी अशी कळ गेली की खालीच बसले. एक्स-रेमध्ये तळहाताच्या पाचव्या हाडाला तडा. डॉक्टर म्हणाले, "याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात, अभिनंदन!"

ठोसा पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर बसायला हवा, माझा करंगळीकडे सरकत होता. ही चूक माझी, सर तसं बोललेही. पण मग त्यांनी तो ग्लोव्ह माझ्या डाव्या हातात चढवला आणि वरून अंगठा दाबला. थेट हाडाला लागला! फोम नावालाच.

येताना वाण्याच्या काट्यावर एक ग्लोव्ह ठेवला. २३१ ग्रॅम. औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम आणि आकडा जोडीचा नाही, एकेका ग्लोव्हचा असतो. बाराचा ३४० भरायला हवा. वाणी म्हणाला, "ताई, शंभर ग्रॅम मारले? आम्ही डाळीत असं केलं तर लोक दुकान फोडतील." घरी शिवण उसवली, तर आत स्वस्त गादीत भरतात तो रंगीबेरंगी फोमचा चुरा.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. "मॅडम, यूज्ड माल रिटर्न नाही." काट्याचा फोटो पाठवल्यावर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तेव्हा कळलं की माझ्याकडे ना बिल, ना पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, ना त्या पेजचा पत्ता. तक्रार क्रमांक तेवढा मिळालाय.

प्लास्टर निघालं की दुकानातच जाणार, हाताला रॅप बांधून ग्लोव्ह घालून बघणार. वाणी काटा द्यायला तयार आहे.