सेकंडहँड ट्रेनर-पॉवर मीटर घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा. माझे ३९,३०० गेले

ट्रेनर म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवायचं यंत्र, पॉवर मीटर म्हणजे आपण पेडलवर किती ताकद लावतो ते वॅटमध्ये मोजणारं उपकरण. दोन्ही जुने घ्यायला गेलो आणि फसलो. आकडे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याच्या डोक्यात "किती गेले, किती गेले" एवढंच फिरत राहतं. टोकन ५,०००. निम्मी रक्कम पूर्ण करायला २२,२५०. कुरिअरचा 'परत मिळणारा' विमा ४,८५०. ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या जीएसटी कागदाचा) दंड म्हणून ७,२००. एकूण ३९,३००. त्यानंतर ११,४०० मागितले तेव्हा मी थांबलो. ते वाचवले याचं कौतुक घरात कोणीच करत नाही.

आणि "एवढा शिकलेला माणूस कसा फसला" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, मी लष्करात आहे, बदली झाली, सामान स्वस्तात काढायचं आहे, असले प्रकार मला पाठ आहेत. गावात लोकांना त्यापासून सावध करणारा मीच. मी कुणाला ओटीपी दिला नाही, कुठलं ॲप उतरवून घेतलं नाही. माझ्याशी बोलणाऱ्याला सायकलिंग कळत होतं, आणि फसवणूक तिथूनच झाली.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या पट्ट्यात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणं ही आमची हौस. डॉ. अमित समर्थ नागपूरचे, २०१७ मध्ये 'रॅम' ही अमेरिका आडवी पार करणारी शर्यत त्यांनी एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आमच्यासारख्या खेड्यातल्यांनाही वाटायला लागलं की बावा, आपणही काही करू. २००, ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) झाल्या. पुढे ६०० ची करायची होती, ४० तासांत. आता मे-जूनमध्ये इथे सराव करून दाखवा. पारा ४५ ला टेकलेला, सकाळी आठला डांबर वितळायला लागतं. पाऊस आला की शेतातले ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आणतात, त्यावर २५ मिलिमीटरचा टायर घालून बघा काय होतं ते. म्हणून घरात लावायचा ट्रेनर हवा होता. चैन म्हणून नव्हे.

नवा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागचं चाक काढून चेन थेट त्यावर चढवायची) फार महाग पडतो. पॉवर मीटर वेगळा. आमच्या तालुक्यात सायकलच्या दुकानात 'पॉवर मीटर' म्हटलं तर माणूस महावितरणच्या ऑफिसचा पत्ता देतो. मग सेकंडहँडशिवाय मार्ग काय?

सायकलिंगच्या एका ग्रुपवर जाहिरात आली. टॅक्स निओ ट्रेनर आणि पॉवर मीटरचे पेडल, दोन्ही मिळून ५८,०००. मी घासाघीस करून ५४,५०० वर आणलं. (घासाघीस जमली याचा त्या दिवशी आनंद झाला होता. लक्षात ठेवा, जो देणारच नाही त्याला भाव कमी करायला काय जातं?) विकणारा म्हणाला, "दादा, या ट्रेनरला वीज लागत नाही, लोडशेडिंग असलं तरी चालतो." हे खरं आहे. निओ प्लग न लावताही चालतो, पेडल मारून तयार होणारी वीज त्याला पुरते. आमच्याकडची लाईन बघता मला तोच हवा होता, आणि हे त्याला मी न सांगता कळलं. खोट्यात असं खरं मिसळलेलं असलं की शंका घ्यायची कुठे?

जूनचा महिना होता, २०२५ चा. सायकलपटू पोगाचारने नुकतीच दोफिने ही फ्रान्समधली शर्यत जिंकलेली. ५ जुलैला फ्रान्सच्या लीलमधून टूर द फ्रान्स सुरू व्हायची होती. तर हा गडी माझ्याशी रात्री दोफिनेवर बोलायचा. पोगाचार १६५ मिलिमीटरच्या आखूड क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) का गेला, त्याचा जुना प्रशिक्षक सान मिलान झोन टूबद्दल, म्हणजे दम न लागता करायच्या सरावाबद्दल काय सांगतो, सगळं. माझं वजन विचारलं, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी पॉवर) विचारली. मी अंदाजे २०५ वॅट सांगितली तर म्हणाला, "अंदाजावर नका राहू, वीस मिनिटांची टेस्ट घ्या, सरासरीला ०.९५ ने गुणा." बरोबर सांगितलं त्याने! पैसे लुबाडणारा माणूस गुणाकार बरोबर सांगतो, असं कुणाच्या मनात तरी येईल का? "टूर सुरू व्हायच्या आत घरी पोचवतो, रात्री स्टेज बघत बघत पेडल मारा," असंही म्हणाला. टूरचा शेवट आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास होतो, जेवणं उरकून बसायची नेमकी वेळ. माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं, आणि मी टोकन पाठवलं.

आता तो व्हिडिओ.

निम्मे पैसे देण्याआधी मी म्हटलं, पॉवर मीटर चालू स्थितीत दाखवा. म्हणजे मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत, हे लिहून ठेवा. त्याने अडतीस सेकंदांची क्लिप पाठवली. हँडलवर छोटा कॉम्प्युटर, पुढे उताराचा रस्ता. वर स्पीड ४१. मध्ये पॉवर २१४, मग २०९, मग २१८. खाली केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, शून्य.

केडन्स शून्य!

ज्यांना हे कळतं त्यांच्या हातातला चहा इथेच सांडला असेल. पेडलवर किती जोर पडतो आणि पेडल किती वेगाने फिरतं, यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. पेडलच्या आत ताण मोजणारे बारीक गेज असतात, ते जोर सांगतात. फिरणं थांबलं की गुणाकार शून्य, मग तुम्ही पेडलवर उभे राहा नाहीतर नाचा. उतारावर पाय थांबवून सायकल सोडली तर खरा मीटर शून्य दाखवतो. तीन सेकंदांची सरासरी लावलेली असली तर फार तर दोन-तीन सेकंद उशिरा दाखवेल. अडतीस सेकंद २१४ च्या आसपास खेळत बसणार नाही. तो आकडा त्याने कुठून आणून चिकटवला ते त्यालाच माहीत. आणि हे गणित मला येतं. पुतण्याला मीच शिकवलंय, मागच्या पोळ्याला, अंगणात सायकल उलटी करून.

पण ती क्लिप आली तेव्हा मी कुठे होतो? बागेत. शेतीची थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीची होती, आंबिया बहाराची संत्री झाडावर, पाऊस यायचा होता, स्टार्टर धरत नव्हता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काच तडकलेला फोन. २१४ दिसलं, रस्ता दिसला, आणि मी "छान" म्हणून अंगठा पाठवला. अडतीस सेकंदांत तो शून्य पूर्ण वेळ पडद्यावर होता. नंतर ती क्लिप मी इतक्या वेळा पाहिली की बायकोने फोनच काढून घेतला. पुतण्याने वरून मीठ चोळलं: "काका, ट्रेनरच्या फोटोत मागचा सॉकेट पाहा. असा गोल, दोन भोकांचा, आपल्याकडे असतो का?" युरोपातल्या कुणाच्या तरी घरचा फोटो होता तो.

पुढचं तुम्हाला माहीतच असणार. पावती नंबर आला, ट्रॅकिंगची लिंक आली. लिंकवर माल भिवंडीहून निघाला, नागपूरला पोचला. मग "विमा भरला नाही म्हणून अडकलाय", ४,८५०. मग "५० हजारांच्या वरचा माल आहे, ई-वे बिल नाही, दंड", ७,२००. पन्नास हजारांच्या वर ई-वे बिल लागतं हे मी ऐकून होतो, त्यामुळे ते खरंच वाटलं. नंतर कळलं की जुन्या घरगुती सामानाला ते लागत नाही. आम्ही संत्रा ठोक्याने देणारी माणसं, ट्रकचे कागद व्यापारी बघतो. आम्हाला काय ठाऊक?

सगळे हप्ते वेगवेगळ्या नावांवर गेले. विचारलं मी! "बायकोचं खातं", "कुरिअर एजंटचं खातं" अशी उत्तरं आली. यूपीआयवर पैसे सोडण्याआधी जे नाव दिसतं ते बोलणाऱ्याच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच फोन खाली ठेवा, उत्तर कितीही गोड असो. आणि विकणाऱ्याने दिलेली ट्रॅकिंगची लिंक कधीही उघडू नका. कुरिअरची साइट स्वतः टाईप करा, पावती नंबर तिथे टाका. त्याने ११,४०० मागितल्यावर मी कुरिअरच्या अमरावतीच्या काउंटरवर फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, आमच्या नंबरात एक आकडा जास्त असतो, हा आमचा नाहीच. हा फोन चार दिवस आधी लावायला काय पैसे पडत होते!

फसलात तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि लगेच करा. मी रात्रभर त्या माणसाला मेसेज करत बसलो, सकाळी तक्रार नोंदवली. तोवर पैसे तिसऱ्या खात्यात गेले होते. ३,११२ रुपये तेवढे गोठले. म्हणजे ३६,१८८ हवेत विरले. आणि ते ३,११२ तरी मिळाले का? नाही. त्याला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. वकिलाची फी किती, विचारूच नका.

आता ठाण्याची गोष्ट. नाव घेत नाही, कुठलं ते शोधू नका, सगळीकडे हेच आहे. अमलदाराने अर्ज वाचला. "म्हणजे सायकल जागच्या जागीच?" मी म्हटलं, हो. "पुढे जातच नाही?" नाही. तो शेजारच्याकडे वळला, "पाय रे बावा, जागेवरच्या सायकलीले चाळीस हजार देल्ले यायनं!" दोघंही हसले. मग मला म्हणाला, "काहून भाऊ, शेतात डवरा धरा ना, व्यायामच व्यायाम." मी शेतकरीच आहे, माझ्या हाताचे घट्टे पाहा म्हणून सांगावंसं वाटलं. गिळलं.

पुढे काय? साहेब बंदोबस्तात. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून साहेब येईपर्यंत थांबा. साहेब आले तर म्हणे जिल्ह्याला सायबरकडे जा. जिल्ह्याला गेलो तर म्हणे तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. पत्र मागितलं तर म्हणे ऑनलाइन तक्रार झाली ना, मग आता आम्ही काय करू? एक जण अजूनही "चारशे वीस लावू का" विचारत होता. १ जुलै २०२४ पासून ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलं, सोबत आयटी कायद्याचं ६६ डी, हे मी त्यांना सांगायचं! हद्द आमची नाही म्हणाले तर 'झिरो एफआयआर' (हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) म्हणा, तरतूद कायद्यात लिहिलेली आहे. म्हणा, एवढंच सांगू शकतो. मी म्हटलं तर मला खुर्चीवरून उठवलं, "जास्त शिकले दिसता." शेवटी एका भल्या हवालदाराने खरं सांगितलं: खातं दुसऱ्या राज्यातलं, चाळीस हजारासाठी पथक कोण पाठवेल? माणसं कमी असतील, मान्य. पण मग पहिल्याच दिवशी सांगा ना. माझी डिझेल आणि मजुरी बुडाली ती कुठल्या कलमात बसते?

बँकेतही तेच. शाखेतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पैसे तुम्हीच पाठवले." हो, मीच पाठवले. पण ज्या खात्यात गेले ते कुणीतरी कुठल्यातरी बँकेत कागद देऊनच उघडलं ना? माझ्या बापाचं पीक कर्जाचं खातं केवायसी नाही म्हणून बंद पाडता, आणि ह्या भामट्यांची खाती बिनदिक्कत चालू? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोचच्या तारखेपासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझ्याकडे पोचच नव्हती, पुन्हा जाऊन भांडून घ्यावी लागली.

आणि तो ग्रुप! मी तिथे सगळं लिहिलं, स्क्रीनशॉट टाकले. ॲडमिनने मला काढलं. का, तर "ग्रुपचं वातावरण बिघडतं". जाहिरात मात्र तशीच राहिली. टूर कोण जिंकणार यावर तिथे शंभर मेसेज, पोगाचारने हौताकामच्या चढावर प्रतिस्पर्धी विंगेगार्डला मागे टाकलं त्या रात्री तर फोन तापला म्हणे. सभासद लुटला गेला त्यावर एक शब्द नाही.

परवा पुतण्याला ती जाहिरात दुसऱ्या एका ग्रुपवर दिसली. आता किंमत ४८,०००, बोलणाऱ्याचं नाव वेगळं, क्लिप तीच. ओळखायची असेल तर खुणा देतो: राखाडी फरशीवर ट्रेनर, मागे गोल दोन भोकांचा सॉकेट, आणि उताराच्या रस्त्यावर स्पीड ४१, पॉवर २१४, केडन्स ०. तुमच्याकडे आली तर पैशाचं बोलूच नका. व्हिडिओ कॉल करायला सांगा, कॅमेऱ्यासमोर हाताने पेडल फिरवायला सांगा, मग थांबवायला सांगा आणि आकडा बघा. माझ्या पुतण्याने तसं सांगितलं. त्याला पाच मिनिटांत ब्लॉक केलं.