इंजिन उघडलंच नव्हतं, तरी ३८,५०० रुपये घेतले

जूनमध्ये माझ्या गाडीच्या बोनेटखालून घरघर यायला लागली. जातं रिकामं फिरवल्यासारखी. रेस दिली की वाढायची. गाडी पेट्रोलची, अकरा वर्षांची. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी दर महिन्याला कराडहून पुण्याला न्यावं लागतं, म्हणून गाडीचं दुखणं अंगावर काढलं नाही. हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी नेली.

तिथल्या मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या ब्लॉकला टेकवलं, मूठ माझ्या कानाशी धरली आणि पोऱ्याला रेस द्यायला सांगितली. कानात घणाचे घाव पडावेत तसा आवाज! "ऐकलंत ना ताई? बेअरिंग बोलतंय. रॉड कधी ब्लॉक फोडून बाहेर येईल, सांगता यायचं नाही. घाटात आईंना घेऊन कुठं उभ्या राहणार?"

त्या शेवटच्या वाक्यापुढे मी हरले.

स्क्रू-ड्रायव्हर लावून आवाज शोधतात हे खरं आहे. पण धडधाकट इंजिनसुद्धा तसं ऐकलं की ठोकतंय असंच वाटतं. आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), वॉटर पंप, टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) अशा चार जागी लावून आवाज कुठे मोठा येतो ते पडताळायचं असतं. त्याने एकाच जागी लावला. रॉडचं, म्हणजे इंजिनच्या आत पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं, बेअरिंग खरंच गेलं असेल तर घरघर नाही, खोल ठोका येतो आणि चढाला, इंजिनवर ताण आला की तो वाढतो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

इंजिन उघडून बेअरिंग बदलायचं म्हणून चार दिवस गाडी ठेवून घेतली. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल" म्हणाला आणि वहीच्या पानावर आकडे मांडून ३८,५०० रुपये घेतले. घासलेली बेअरिंगची पाती पिशवीत घालून दिली. आवाज कमी झाला होता. मी त्याचे आभार मानून निघाले, हे आठवलं की अजून संताप होतो.

दहा-बारा दिवसांनी पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात पाऊस लागला. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू, आणि अचानक बोनेटखालून कानठळ्या बसवणारा चिरका आवाज. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. आई काही बोलली नाही, फक्त औषधांची पिशवी छातीशी घट्ट धरून बसली. कसंबसं साताऱ्याला पोचलो.

सकाळी तिथल्या एका वयस्कर फिटरकाकांनी आल्टरनेटर फिरवणारा बेल्ट काढला आणि काही सेकंदच इंजिन चालवलं. घरघर नाही, चिरकणं नाही. "आवाज इंजिनाच्या आत असता, तर बेल्ट काढून गेला असता का पोरी?" मग आल्टरनेटरची पुली हाताने फिरवून दाखवली. खरखरत होती. बेअरिंग गेलेलं. आधीच्याने त्यात ग्रीस कोंबून बेल्ट सैल केला होता, त्यामुळे आवाज तेवढ्यापुरता दबला. दिव्यांचा भार पडताच तोच सैल बेल्ट पुलीवरून घसरायला लागला. वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. बेल्ट तुटला असता तर चढावर इंजिन तापून बसलं असतं.

नंतर गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, घेऊन त्यांनी मला खालून ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, दाखवला. रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचायला तो उतरवावाच लागतो. त्याच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल सुकून बसला होता. पान्याची एक खूण नाही. पिशवीतली पाती त्यांनी हातात घेतली आणि लगेच परत दिली. ती कुठल्याशा मोठ्या डिझेल इंजिनाची होती. नवा बेल्ट, आल्टरनेटरची बेअरिंगं आणि मजुरी मिळून १,६५० रुपये झाले, तेही बिलासकट.

पहिल्या गॅरेजवाल्याने नंतर फोन उचलला नाही. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे फी लागत नाही. तक्रारीची मुदत २ वर्षांची असते. पक्कं बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे, तेव्हा बिल नाही म्हणून गप्प बसू नका. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, वहीच्या पानाचा फोटो आहे, ती पाती आहेत.

फिटरकाका सवयीने ते बोल्ट पुसायला फडकं घेऊन वाकले होते. मी त्यांचा हात धरला. तो चिखल अजून तसाच आहे. आयोगाने गाडी तपासायला सांगितली तर तशीच दाखवणार आहे.